सव्वाचार बोटं

बुरुलचानं ठोकळा काढून माझ्या ऐरणीवर ठेवला.
जुनिपरचा आहे, म्हणाली, आमच्या कुंपणातला.
वर सायकलच्या ट्यूबचं रबर, दोन खिळे,
खाली सुतळीचे वेढे, चिखलानं दगड झालेले.
अकरा वर्षं हाच माझा अ‍ॅक्सिलरेटर.
परवा ओढ्यात, ऐन मध्यावर, निसटला
आणि ब्रेकखाली जाऊन बसला.

कुठला ओढा, मी विचारलं नाही.
अत-बाशीत मे महिन्यात सगळे ओढे सारखेच.

गाडी एकोणऐंशीची उआज, सैन्यातून सुटलेली.
ज्यानं ती आखली त्याच्या डोळ्यांपुढे
सहा फुटी शिपाई असणार, गुडघ्यापर्यंत बूट.
आमची गुरांची डॉक्टर पाच फुटांना दोन बोटं कमी.
पाठीशी दुमडलेला नमदा, सीट पार पुढे ओढलेली,
तरी पायाला पेडल म्हणजे पैलतीर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मला पाय पाहून अंथरूण कापायचं होतं.

तळपत्र्यावर खडूनं रेघ मारली.
टाच कुठे? इथे. चवडा कुठे? इथे.
पेडल कुठे? तिथे. मधे सव्वाचार बोटं.
ट्रॅक्टरच्या दांड्याचा तुकडा, जाड पत्रा,
दोन टाके वेल्डिंगचे, कानस, काळा रंग.
संध्याकाळी घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी परत.
चांगलं आहे, कासिमाली-आके, म्हणाली,
आणि बसून राहिली.
चहाचा दुसरा पेला रिकामा झाल्यावर म्हणाली,
खडीवर गाडी उडते, तसा पाय उडतो,
पाय उडाला की गाडी उचकते,
गाडी उचकली की पुन्हा पाय.
लशीच्या नऊ बाटल्या फुटल्या.

रात्री तो ठोकळा उचलला
शेगडीत टाकायला. खरंच सांगतो, जाळायलाच.
बल्बखाली सहज फिरवला.
रबराची उजवी कड झिजून कागद झालेली,
डावी कोरी.
टाचेकडे लाकूड बसकं,
आणि कडेला, जिथे काहीच असायचं कारण नाही,
एक गुळगुळीत खळगी, करंगळीएवढी.
तिथे ती बुटाची कड रुतवायची,
इंजिनाच्या बोगद्याला पाय भिडवून धरायची
दगडाधोंड्यांतून, अकरा वर्षं, न कळता.

टाच कुठे, चवडा कुठे, मी तिला विचारलं होतं.
तिनं खोटं सांगितलं नव्हतं.
विचारायचं होतं पायाला.

दुसरं पेडल उजवीकडे कललेलं केलं.
बोगद्याच्या पत्र्याला एक कान जोडला,
लाल तापवून, नळीवर हळूहळू वळवलेला.
कान हलत नाही. बूट त्याला टेकतो,
मग गाडी कितीही नाचो,
पेडल चवड्याचंच ऐकतं.

स्प्रिंग दोनदा बदलली.
पहिली खेचरासारखी लाथ मारायची.
दुसरी माझ्या सुनेच्या वॉशिंग मशीनची,
मशीन चार वर्षं बंद आहे, तरी तिला अजून सांगितलेलं नाही.
दांडा कापला, पुन्हा कापला,
कार्बोरेटरचं पान पूर्ण उघडेल
आणि त्याच क्षणी पेडल तळाला टेकेल असा.
केसभर आधी टेकलं तर चढावर दम अपुरा,
केसभर नंतर, तर दांडा ताण खात राहतो
आणि एक दिवस, अर्थातच ओढ्यात, तुटतो.

पैसे अर्धे दिले. उरलेल्याचे
कुरुतचे गोळे, पिशवीभर,
आणि माझ्या लंगड्या गाईला बघायचं वचन.

गाडी खिंडीकडे लागली.
इथून चार वळणं ऐकू येतात.
पहिल्या दोन वळणांवर आवाज चाचपडत होता,
तिसऱ्यावर एक उचकी, मी उठून उभा राहिलो,
चौथ्यावर नुसता सलग सूर, आणि मग डोंगर.

जाताना ठोकळा मागून घेतला तिनं.
आता कशाला?
दवाखान्याचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणाली.
दिला.
देण्याआधी भिंतीवर, हातोड्यांच्या खाली,
खडूनं त्याचा आकार काढून घेतला, खळगीसकट.
काही उपयोग नाही त्याचा.
तसा पाय या खोऱ्यात दुसरा नाही.